आठ जणांचं एक कुलूप

९ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार,

तुझ्या कारखान्याचं पत्र काल आलं. आईला मी ते वाचून दाखवणार नव्हते, पण पोस्टमन आला तेव्हा दारात तीच होती.

पत्रात लिहिलंय की ३ जानेवारीला आपला धाकटा लगद्याच्या टाक्यात उतरला तेव्हा त्यानं स्वतःचं कुलूप यंत्राच्या बटणाला लावलं नव्हतं. नियमाप्रमाणे प्रत्येकानं लावायचं असतं. म्हणून अपघात "स्वतःच्या निष्काळजीपणामुळे" झाला असं चौकशी समितीचं प्राथमिक मत आहे. अंतिम सुनावणी २० मार्चला. आत फक्त कामगारांना बसू देणार. नातेवाइकांना काही सांगायचं असेल तर लेखी पाठवावं.

आई तेव्हापासून एकच विचारते आहे, "म्हणजे त्याचंच चुकलं का गं?" स्वयंपाक करताना विचारते, कपडे वाळत घालताना विचारते. मी "माहीत नाही" म्हणते. मला खरंच माहीत नाही.

तू त्या पाळीचा मुकादम. मावसभाऊ म्हणून नोकरीला तूच त्याला लावलंस, तुझ्या हाताखाली तो पाच महिने होता. म्हणून तुलाच विचारते. त्याचं कुलूप का नव्हतं? आणि माणूस आत असताना यंत्र चालू कुणी केलं?

मावशीची तब्येत कशी आहे ते कळव.

छोटी


१६ फेब्रुवारी

चि. छोटीस आशीर्वाद,

माझी आई बरी आहे, गुडघ्याचं चालूच आहे.

काय घडलं ते तुला तेव्हा समोरासमोर सांगितलं होतंच. पुन्हा लिहितो. आमचं टाकं म्हणजे खोलीएवढं गोल भांडं. रद्दी कागद त्यात पडतो, पाणी पडतं, तळाशी पाती फिरतात आणि लगदा होतो. रोज एकदा यंत्र बंद करून, आत उतरून तळ खरवडावा लागतो. कागदाबरोबर आलेल्या तारा, चिंध्या, प्लास्टिक पात्यांना गुंडाळलेलं असतं. सात जण उतरतात. मी वर बटणाच्या खोलीत असतो. त्या दिवशी काम संपलं, सगळे बाहेर आले, आणि धाकटा खरवडणी आत राहिली म्हणून परत उतरला. कुणाला न सांगता. वर पुढच्या पाळीच्या माणसानं बटण दाबलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत?

कुलपाचं म्हणशील तर प्रत्येकाला नंबर घातलेलं लाल कुलूप दिलेलं आहे. उतरण्याआधी ते बटणाला लावायचं, म्हणजे बाहेर येऊन ते काढेपर्यंत यंत्र कुणालाच चालू करता येत नाही. भिंतीवर हातभर अक्षरांत नियम लिहिलेला आहे. तो विसरायचा. मुलगा गुणी होता, पण विसराळू. तुला माहीतच आहे, लहानपणी शाळेत जायचा आणि दप्तर घरी.

छोटे, एक ओळ आहे कागदावरची. ती असली काय आणि नसली काय, तो परत येणार आहे का? मावशीला सांग, नशिबात होतं. माणसाला काहीतरी धरून बसायला लागतं, ते नशीब असलेलं बरं.

दादा


२२ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार,

दप्तर विसरायचा तो धाकटा नव्हता. तो तू होतास. तुझं दप्तर मी शाळेत पोहोचवायचे.

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं आहे. आमच्याकडे प्रत्येक नमुन्याच्या बाटलीवर दोघांच्या सह्या लागतात. एकानं तपासायचं, दुसऱ्यानं पुन्हा तपासायचं. नियम चांगला आहे. प्रत्यक्षात दुसरा माणूस न बघता सही करतो. मीही करते. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई बाटली पुढे सरकवतात, मी सही करते, मग मी सरकवते, त्या करतात. बघून सही केली तर त्यांना वाटेल मी त्यांच्या कामावर संशय घेते. हे कुणी कुणाला शिकवत नाही. नवीन माणूस आठ दिवसांत आपोआप शिकतो. हे तुला मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचल्यावर तुला वाटू नये की मी फक्त तुमच्याकडे बोट दाखवते आहे.

धाकट्याचं एक पत्र माझ्याकडे आहे. ऑगस्टच्या शेवटी आलेलं, म्हणजे नोकरीला लागून तीन आठवडे झाले तेव्हाचं. मी ते कपाटात ठेवलं होतं आणि जानेवारीनंतर उघडलं नव्हतं. परवा उघडलं. त्यातलं थोडं उतरवते.

"ताई, इथं एक अडचण आहे, हसू नकोस. मी आत उतरताना माझं कुलूप लावतो. बाकी कुणी लावत नाही. दादाचं एकच कुलूप असतं, सगळे त्याच्या भरवशावर उतरतात. मी लावतो म्हणून माझं नाव तिजोरी पडलंय. 'आला बघा तिजोरी. काय रे, आतडी सोन्याची आहेत का तुझी?' आमच्यातला चष्मेवाला म्हणतो, नवी सून पेटीला कुलूप लावते तसं हे. चहाच्या वेळी बाकावर कुणी सरकून जागा देत नाही. काल दादानं बाजूला घेतलं. रागावला नाही. म्हणाला, 'सगळ्यांसमोर असं करतोस, मला खाली बघायला लागतं. माझ्यावर विश्वास नाही का?' मी काय करू?"

दादा, तो विसराळू नव्हता.

३ जानेवारीला त्या बटणावर किती कुलपं होती, एवढंच लिही.

छोटी


२ मार्च

चि. छोटीस,

एक. माझं.

हे तुला लिहायला मला आठ दिवस लागले.

तू म्हणतेस तशी ही पद्धत आहे आणि ती मी सुरू केलेली नाही. मी लागलो तेव्हाही एकच कुलूप होतं, तेव्हाच्या मुकादमाचं. म्हातारी माणसं सांगायची की फार पूर्वी प्रत्येक जण आपापलं लावायचा. एकदा एक जण किल्ली खिशात घेऊन घरी गेला आणि टाकं अर्धा दिवस बंद राहिलं. साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. तेव्हापासून एकच. पण नुसती सोय म्हणून ते टिकलं नाही छोटे. सात माणसं आपला जीव आठव्याच्या खिशात ठेवतात, ही गोष्ट लहान नाही. ज्या दिवशी त्यांनी मला मुकादम केलं त्या दिवशी पाळीतला पहिलवान म्हणाला होता, "आजपासून आमची बायकापोरं तुझ्या खिशात." मी घरी जाऊन रडलो होतो. कारखान्यानं दिलेल्या बिल्ल्याचं मला कधी काही वाटलं नाही. या शब्दाचं वाटलं.

आणि मग घरचाच मुलगा येऊन सगळ्यांसमोर आपलं वेगळं कुलूप लावतो. मी त्याला जे बोललो ते बोललो. त्यानं थोड्या दिवसांत लावणं बंद केलं. बाकावर त्याला जागा मिळाली. "तिजोरी" नाव राहिलं, पण आता प्रेमानं म्हणायचे. तो खूश होता. हे खोटं नाही.

३ तारखेला मी नेहमीप्रमाणे माणसं मोजली. सात. विचारलं, "सगळे आले का?" खालून आवाज आला, "आले." मग कुलूप काढलं. तो नंतर परत उतरला असणार. यात मी काय करायला हवं होतं, तू सांग.

आता नीट ऐक. पद्धत अशी होती असं मी सुनावणीत बोललो, तर सात जणांवर कारवाई होईल. सगळ्यांनी नियम मोडलाय, रोज मोडलाय. सात घरं आहेत. आणि साहेब म्हणतील आम्हाला काही माहीत नव्हतं, आम्ही तर भिंतीवर लिहून ठेवलंय.

आणखी एक. त्याच्या खोलीवरचं सामान मी आवरलं, तेव्हा बॅगेत तुझं पत्र सापडलं. त्या ऑगस्टच्या पत्राला तू दिलेलं उत्तर. ते मी कुणाला दाखवलेलं नाही, मावशीलाही नाही. दाखवणारही नाही. तूही समजून घे.

त्याचं मूळ पत्र माझ्याकडे पाठव. काही पुढे ठेवायची वेळ आलीच, तर योग्य जागी, योग्य रीतीनं मीच ठेवीन. तू परस्पर काही करू नकोस. माझ्यावर विश्वास नाही का?

दादा


७ मार्च

ती. दादास नमस्कार,

तुझ्या पत्राचं शेवटचं वाक्य मी तीन वेळा वाचलं. तू ते लिहिताना तुझ्या लक्षात आलं नसावं.

धाकट्याचं पत्र मी काल रजिस्टर पोस्टानं थेट चौकशी समितीला पाठवलं. माझ्यापाशी आता फक्त माझ्या हातानं उतरवून घेतलेली प्रत आहे. सोबत माझं निवेदन जोडलंय. हे तुला आधीच कळवते आहे, म्हणजे २० तारखेला तुला तिथं बसल्या जागी कळू नये. तू वाईट माणूस आहेस असं मला वाटत नाही. पण पत्र तुझ्याकडे दिलं असतं, तर मीही आपला जीव तुझ्या खिशात ठेवून खाली उतरले असते.

माझ्या उत्तराबद्दल. ते तू सांभाळून ठेवलंस याचे आभार मानू की तू ते आत्ताच का काढलंस हे विचारू, ते मला ठरवता येत नाही. म्हणून त्याची गरजच ठेवली नाही. मी काय लिहिलं होतं ते मला तोंडपाठ आहे आणि ते मी निवेदनात जसंच्या तसं दिलंय. "नवीन माणसानं चारचौघांत वेगळं दिसू नये. आधी त्यांच्यातला हो. दादा आहे ना तिथं, मग कुलूप कशाला?" याखाली माझी सही आहे. त्यानं तुझं एकट्याचं ऐकलं नाही. माझ्या पत्राची वाट बघितली असेल, आणि ते आल्यावर कुलूप लावायचं सोडलं असेल.

सोमवारी शेजारच्या बाईंनी बाटली सरकवली तेव्हा मी म्हटलं, जरा थांबा, बघते. तपासायला अकरा मिनिटं लागली. सगळं बरोबर होतं. दुपारी त्यांनी डबा घेतला आणि खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसल्या. नऊ वर्षं आम्ही एकत्र जेवलो. लिफ्टमध्ये त्या दुसरीला म्हणाल्या, "भाऊ गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या." मला ऐकू जाईल अशा आवाजात. एवढ्यानं मला वाटलं, उद्यापासून न बघताच सही करावी. तो तेवीस वर्षांचा होता आणि त्यानं हे तीन आठवडे रोज केलं.

तू खरं सांगशील की नाही हे मी विचारत नाही. २० तारीख तुझी आहे.

छोटी


९ मार्च

चि. छोटीस,

तुझं पत्र अजून आलेलं नाही, म्हणून घाईनं लिहितो. काल सगळे माझ्या घरी जमले होते. चष्मेवाल्यानं प्रत्येकाला काय बोलायचं ते सांगितलं. सगळ्यांची कुलपं रोज असायची, त्या दिवशीही होती, फक्त त्याचं नव्हतं. पहिलवान म्हणाला, "मेलेल्याचं आणखी काय बिघडणार? जिवंतांचं बिघडू नये." माझ्या बायकोनं चहा आणला तेव्हा तिच्याकडे कुणी बघेना.

मला पहिल्यांदा बोलायचं आहे. मीही तेच म्हणणार.

मूळ पत्र पाठवलंस का? नसेल तर लगेच पाठव. असेल तर मिळेलच.

दादा


२३ मार्च

चि. छोटी,

तुझं ७ तारखेचं पत्र मला ११ ला मिळालं. मी उत्तर दिलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. म्हणजे तुझं पाकीट समितीकडे गेलंय हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. का सांगितलं नाही ते विचारू नकोस. मला वाटत होतं पाकीट टपालात हरवेल. देवाशपथ असं वाटत होतं.

सुनावणी जेवणाच्या हॉलमध्येच होती, टेबलं जोडून. आमचे मॅनेजर साहेब, कामगार खात्याच्या एक अधिकारी बाई आणि लिहून घेणारा. आम्ही सात जण बाकावर. बाईंनी मला विचारलं, "तुमच्या पाळीत कुलपं कशी लावतात?" मी म्हणालो, प्रत्येकाचं स्वतंत्र असतं. मग चष्मेवाला, मग पहिलवान, सगळे तेच म्हणाले. चौथ्याचं ऐकल्यावर बाई म्हणाल्या, "एकाच मास्तरांकडे शिकवणीला होतात का हो सगळे?" लिहून घेणारा हसला.

मग त्यांनी पाकीट काढलं.

त्यांनी ते सगळं वाचलं, मोठ्यानं, सावकाश. "आतडी सोन्याची आहेत का" इथं पहिलवान खिडकीबाहेर बघायला लागला. नव्या सुनेचं आलं तेव्हा चष्मेवाल्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि तो पुन्हा घातलाच नाही. शेवटची ओळ वाचून बाईंनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "यातला दादा कोण?"

त्यांना माहीत असणार, कागदांत सगळं असतं. तरी त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. पहिलवानानं बाकाखाली माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला.

मी उभा राहिलो. म्हणालो, मी.

त्यानंतर थांबता आलं नाही. एकच कुलूप, ते माझं, किती वर्षांपासून, सगळं सांगितलं. आत्ताच खोटं बोललो हेही सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "कुलूप काढण्याआधी माणसं मोजलीत?"

छोटे, तुला मी लिहिलं होतं की मोजली. मोजली नव्हती. रोज मोजतो. त्या दिवशी पाळी संपायला दहा मिनिटं होती, पुढची पाळी दारात उभी होती, आणि खालून "आले" असा आवाज आला. कुणाचा ते मला आजही सांगता येत नाही. मी वरून खाली बघितलंही नाही. तो परत उतरला होता की बाहेरच आला नव्हता, हे मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. खरवडणीचं मी मनानं रचलं. लोकांना सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं होतं.

बाईंनी हे लिहून घेतलं आणि साहेबांकडे वळल्या. "तुम्ही रोज सकाळी बटणाच्या खोलीत जाता, वहीत तुमची सही आहे. तिथं कुलपं टांगायचे आठ खिळे आहेत. सफाईच्या वेळी किती कुलपं बटणाऐवजी खिळ्यांवरच टांगलेली दिसायची?" साहेब म्हणाले, "तेवढं लक्ष गेलं नाही." बाई म्हणाल्या, "किती वर्षं?" साहेबांनी पाणी मागितलं.

मला पाळीवरून काढून फाटकावर बसवलंय. येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. बाकीच्यांना लेखी ताकीद मिळाली. नोकरी कुणाची गेली नाही, निदान अजून तरी. माझ्याशी कुणी बोलत नाही. फाटकातून जाताना चष्मेवाला नंबर सांगावा तसं आपलं नाव सांगतो आणि पुढे जातो. पहिलवानाची बायको माझ्या बायकोला दुकानात भेटली, तोंड फिरवून गेली. टाक्यावर आता आठ कुलपं लागतात. बाई दर आठवड्याला येऊन बघणार आहेत म्हणून लागतात. त्या यायच्या थांबल्यावर काय होईल ते मी सांगू शकत नाही.

तुझं उत्तर मी पुढे केलं नाही. त्याची जरूर नव्हती, बाई म्हणाल्या बहिणीनं स्वतःच लिहून दिलंय. ते सोबत परत पाठवतो. ते मी तुला भीती घालायलाच काढलं होतं. तुला कळलंच होतं.

मावशीला काय सांगशील?

दादा


३० मार्च

ती. दादास,

समितीचा अंतिम कागद शनिवारी आला. "स्वतःच्या निष्काळजीपणामुळे" ही ओळ नाही. तिच्या जागी मोठा परिच्छेद आहे. प्रचलित चुकीची पद्धत, देखरेखीचा अभाव, व्यवस्थापनाचं दुर्लक्ष. आईला मी तो वाचून दाखवला. तिनं विचारलं, "म्हणजे त्याचं चुकलं नाही?" मी नाही म्हटलं. मग तिनं विचारलं, "मग कुणाचं?"

मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. माणसं मोजली नाहीत तेही. आणि नंतर माझं पत्रही, जे तू परत पाठवलंस ते. ते लपवून तुझं तेवढं वाचणं मला जमलं नाही.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. काल सकाळी मी कामाला निघाले तेव्हा तिनं डबा भरून हातात दिला. इतकंच. संध्याकाळी मी आल्यावर म्हणाली, "न मोजल्याचं त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं का, सगळ्यांदेखत?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "मग त्यानं मलाही येऊन तोंडानं सांगावं. कागदावर नको."

म्हणून हे लिहिते आहे. रविवारी ये. दुपारी आलास तरी चालेल, आई हल्ली झोपत नाही. मी तुला माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि केलं नाही असं लिहायला माझा हात कचरतो, कारण मग मला स्वतःचंही ठरवावं लागेल. आई काय म्हणेल ते मला माहीत नाही. ती ओरडेल, किंवा नुसती बघत बसेल. मी मध्ये पडणार नाही.

एकटा ये. दार मी उघडीन.

छोटी